मास्तरांचं मिनिट

पिस्टनच्या डोक्याला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. दातांच्या डॉक्टरांनी तो फडक्यात गुंडाळून आणला होता आणि उपटलेली दाढ पेशंटला दाखवावी तसा मास्तरांच्या टेबलावर ठेवला होता.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "सरळ रस्ता, चौथा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, आणि धाड! मागे बघतो तर नुसता धूर."

मास्तरांनी पिस्टन उचलला, चष्मा कपाळावर सरकवून भोकाची कड अंगठ्याने चाचपली. कड वितळून गुळगुळीत झाली होती.

"उपाशी मेलंय इंजिन," ते म्हणाले. "हवा भरपूर, पेट्रोल कमी. मग आग नको तिथे लागते."

"तेच म्हणतोय ना मी! आणि पेट्रोल किती द्यायचं ते कोण ठरवतं? हिची फाईल!"

ही म्हणजे ट्यूनरबाई. दोन गल्ल्या पलीकडे तिचं गॅरेज होतं. मोटारीला लॅपटॉप जोडून ती इंजिनाला किती हवा, किती पेट्रोल, कधी ठिणगी ते शिकवायची. पस्तिशीची बाई, बोलायला फटकळ; पण आज दाराशी लॅपटॉपची बॅग छातीशी धरून उभी होती आणि आवाज खाली होता.

"मास्तरांनी पंपाला बांधलेल्या टॅगवर तासाला तीनशे नव्वद लिटर आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला टर्बोचा दाब वाढवून हवा होता. वाढीव दाबाला साडेतीनशे लागत होते. चाळीस लिटर हाताशी होते, म्हणून फाईल पाठवली."

"गाडी रोलरवर पळवून न बघता पाठवलीस."

"घाई आहे असं तुम्हीच म्हणालात."

"मी दातांचा डॉक्टर आहे, बाई! मी म्हणालो म्हणून तू पाठवणार?"

तिने मास्तरांकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं, पण वेगळ्या अर्थाने. "पंपाचं मी काही विचारतच नाही," ते म्हणाले. "टॅग मास्तरांचा आहे म्हटल्यावर विषय संपला."

"पंप मी स्वतः बेंचवर लावून तपासला होता," मास्तर म्हणाले. "तीनशे नव्वदच निघाले होते."

हे त्यांनी अगदी खरं समजून सांगितलं. ट्यूनरबाईचा चेहरा पडला. तिने पिस्टनकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली.

आठवड्याभरात ही बातमी गाडीवाल्यांच्या जगात सगळीकडे झाली. जोरकस गाड्यांची हौस असणारी माणसं मोजकीच असतात आणि ती सगळी एकमेकांना ओळखतात. डॉक्टरांचं तोंड दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाशी, त्यामुळे बातमीला पाय फुटायला वेळ लागला नाही. 'तिच्याकडे गाडी नेऊ नका, पिस्टन वितळवते.' तिच्याकडे ठरलेल्या चार गाड्या रद्द झाल्या. मास्तरांना वाईट वाटलं. पोरगी हुशार होती, एकदा चुकली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. पस्तीस वर्षं ते इंधनाचे पंप तपासत आणि निवडून देत आले होते, आणि लोक त्यांना मिनिटमास्तर म्हणत. त्यामागे एक गंमत होती.

पंप टाकीत बसतो आणि पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. तो तासाला किती लिटर देतो हे डब्यावर छापलेलं असतं. पण डब्यावरचा आकडा म्हणजे मुलाखतीला आलेला माणूस, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे. खरा कळतो तो कामाला लावल्यावर. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, तेव्हा त्या कोंबलेल्या हवेविरुद्ध पेट्रोल ढकलावं लागतं. दाब वाढला की पंपाचं पाणी जोखलं जातं. डब्यावर साडेचारशे लिहिलेला पंप साडेतीनशेवर येतो. बरं, म्हणून सगळ्यात मोठा पंप घ्यावा, तर तो गावभर हिंडणाऱ्या गाडीत नको तेवढं पेट्रोल फिरवत बसतो आणि टाकी तापवतो. "मास्तर, सगळ्यात मोठा द्या," म्हणत येणाऱ्याला ते सरळ परत पाठवायचे. गाडीची ताकद किती, टर्बोचा दाब किती, बॅटरीपासून पंपापर्यंत वायर केवढी जाड, हे सगळं विचारून, लागेल त्याच्यावर पाचवा हिस्सा जास्त देणारा पंप ते निवडायचे. मग तो बेंचवर लावायचे, गाडीत असेल तेवढाच दाब आणि तेवढेच व्होल्ट देऊन एक मिनिट काचेच्या भांड्यात पेट्रोलऐवजी तपासणीचं तेल सोडायचे. भांड्यातल्या लिटरांना साठने गुणलं की तासाचा आकडा. तो आकडा पत्र्याच्या टॅगवर ठोकून पंपाला बांधायचे.

आता एका हातात नळाची चावी, दुसऱ्या हातात व्होल्टचं बटण, डोळे दाबाच्या काट्यावर. घड्याळाकडे बघायला उरतं कोण? मास्तरांच्या उस्तादाने शिकवलं होतं की मिनिट तोंडाने मोजायचं. तरुणपणी मास्तरांनी ते इतकं घोटलं की लोक पैजा लावायचे. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, शेजारी स्टॉपवॉच. मास्तर 'साठ' म्हणायचे तेव्हा काटा साठावर असायचा. एकदा फक्त एका सेकंदाने चुकले, तर त्यांनी स्टॉपवॉचच तपासायला पाठवलं आणि ते खरोखरच बिघडलेलं निघालं. ही गोष्ट त्यांनी निदान दोनशे लोकांना सांगितली असेल. घड्याळ त्यांनी दुकानात कधी ठेवलंच नाही.

अलीकडे ते एक गोष्ट मोठ्या समाधानाने सांगायचे. "हल्ली पंप चांगले येतायत. कागदावर असतात त्याच्यापेक्षा जास्तच निघतात."

मास्तरीणबाईंना वर्षापूर्वी हृदयाचा त्रास झाला होता. मास्तरीणबाई या नावाला त्यांचा विरोध होता, कारण त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. पण गल्लीने ठेवलेलं नाव कोण बदलणार? दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं की रोज सकाळी नाडीचे ठोके मोजून लिहून ठेवा. मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलने आकडा लिहायला सुरुवात केली. बायकोच्या मनगटावर दोन बोटं, नजर तिच्या चेहऱ्यावर. ठोके बोटांनी मोजायचे, मिनिट ओठांनी.

सुरुवातीला बहात्तर होते, त्र्याहत्तर होते. मग हळूहळू चढायला लागले. अठ्ठ्याहत्तर, ऐंशी. गेल्या महिन्यात त्र्याऐंशी. बायकोला ते काही बोलले नाहीत. भांडी स्वतः घासायला लागले, बादली उचलू देईनात, जिना चढताना पाठीमागून येऊ लागले. बाई वैतागल्या. "अहो, मी काय काचेची आहे का?" मास्तर म्हणायचे, "मला व्यायाम होतो." बेंचपाशी उभं असतानाही त्यांच्या डोक्यात तो आकडा फिरत असायचा. ही गेली तर आपण एकटे काय करणार, या विचाराने त्यांना कधी कधी घास गिळवायचा नाही.

पिस्टन येऊन दहा दिवस झाले असतील. महिन्यातून एकदा येणारी नर्सताई आली, बाईंचा हात घेतला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजलं आणि म्हणाली, "बहात्तर. छान."

"त्र्याऐंशी," मास्तर दारातून म्हणाले. "आज सकाळीच मोजले."

नर्सताईने कॅलेंडरची पानं चाळली. कपाळाला आठ्या पडल्या. "काका, मागच्या महिन्यात मी आले त्या दिवशीसुद्धा तुम्ही त्र्याऐंशी लिहिलंय. माझ्या वहीत तेव्हाही बहात्तरच आहेत. कुठल्या घड्याळावर मोजता?"

"घड्याळ लागत नाही मला."

मास्तरीणबाई अंथरुणावर उठून बसल्या. नवऱ्याचा हा पराक्रम परक्या माणसाला सांगायची संधी त्या सोडत नसत. "ते तोंडाने मोजतात. अगदी बिनचूक!"

"मग दोघं मिळून मोजू," नर्सताई हसून म्हणाली. "या मनगटावर तुम्ही, त्या मनगटावर मी."

मास्तरांनी बोटं ठेवली. नजर बायकोच्या चेहऱ्यावर. ओठ हलू लागले. मध्येच नर्सताई म्हणाली, "झालं मिनिट. बहात्तर." मास्तर थांबले नाहीत. ते मोजतच राहिले. नर्सताई घड्याळाकडे बघत राहिली. बाई आधी हसत होत्या, मग हसू ओसरलं. बराच वेळ गेला असं सगळ्यांना वाटलं, आणि मग मास्तर म्हणाले, "साठ. त्र्याऐंशी."

"काका, तुमचं मिनिट एकोणसत्तर सेकंदांचं आहे," नर्सताई म्हणाली. "वय झालं की होतं असं. काकूंच्या नाडीला काहीही झालेलं नाही."

"म्हणजे मी बरी आहे!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "आणि हे मला बादली उचलू देत नव्हते!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. क्षणभर पडलाही. बायको जगणार होती. आणि पुढच्याच क्षणी त्यांना बेंचवरचं काचेचं भांडं दिसलं. मिनिटाऐवजी एकोणसत्तर सेकंद त्यात तेल पडत होतं, आणि ते वर्षभर टॅगवर आकडे ठोकत होते.

नर्सताई गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि चादरीच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

"मग एक घड्याळ घ्या," त्या म्हणाल्या. "आजपासून घड्याळावर मोजा. झालं गेलं गंगेला मिळालं. बोभाटा कशाला करायचा?"

"त्या पोरीच्या डोक्यावर खापर फुटलंय."

"तिनेही न तपासता पाठवलंच ना?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पस्तीस वर्षांचं नाव आहे तुमचं. दुसरं आहे काय आपल्याकडे?"

त्या प्रेमापोटी बोलत होत्या, आणि खरं तर मास्तरांना तेच ऐकायचं होतं.

त्यांनी स्टॉपवॉच घेतलं. दुकानाचं दार ओढून घेतलं आणि डॉक्टरांना दिला होता तसलाच दुसरा पंप बेंचवर चढवला. दाब तेवढाच, व्होल्ट तेवढेच. स्टॉपवॉच भांड्याला टेकवून ठेवलं, एक डोळा काट्यावर, एक डोळा घड्याळावर. तीनशे अडतीस निघाले. पुन्हा केलं. तीनशे अडतीस. हल्ली पंप चांगले येतायत, हे स्वतःचं वाक्य त्यांना आठवलं आणि एकट्यालाच लाज वाटली. डॉक्टरांच्या गाडीला आधी सव्वातीनशे लागत होते, म्हणून ती कशीबशी चालली. पोरीने टॅगवर भरवसा ठेवून दाब वाढवला, साडेतीनशे लागले, आणि पंप तिथे कमी पडला. पाचवा हिस्सा जास्त द्यायचा हा त्यांचा नियम होता. तो पाचवा हिस्सा त्यांच्या मिनिटानेच खाल्ला होता.

तरी ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. कोणी विचारलं नाही, त्यांनी ब्र काढला नाही. सांगायचं तर कसं सांगायचं, याची मनात जुळवाजुळव करायची आणि गिऱ्हाईक आलं की गप्प बसायचं, असं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्यूनरबाई आली. हातात डॉक्टरांच्या गाडीतून काढलेला पंप होता, टॅगसकट, आणि मास्तरांचा उसना नेलेला, दाब मोजायचा गेज.

"गेज परत करायला आले," ती म्हणाली. "गॅरेज बंद करतेय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नोकरी बघितलीय. तेल बदलायचं, फिल्टर बदलायचं. डोकं चालवायचं नाही."

"बस. पाणी घे."

ती बसली. बॅगेतून कागदांची चळत काढली. सगळ्यावर आकडेमोड, वर्तुळं, खाडाखोड. "मास्तर, एकदा बघता का? दहा दिवस झाले, मी हीच बेरीज तपासतेय. हवा एवढी, पेट्रोल एवढं. प्रत्येक वेळी साडेतीनशेच येतात. माझी चूक कुठे झाली तेच सापडत नाही. एकदा सापडली की मी सुटले. मग कुणी काही म्हणू दे. पण सापडतच नाही हो!" तिने कागद मास्तरांपुढे सरकवले.

मास्तरांनी कागद पाहिले नाहीत. ते उठले. तिने आणलेला पंप बेंचवर बसवला, नळ्या जोडल्या, चिमटे लावले. खिशातून स्टॉपवॉच काढून तिच्या हातात दिलं.

"मी चावी उघडली की सुरू कर. मिनिट झालं की बस म्हण."

"तुम्हाला घड्याळ कशाला?"

"धर म्हणतो ना."

पंप घरघरू लागला. मास्तरांनी दाब चढवला, काटा जागेवर आणला आणि चावी उघडली. भांड्यात तेल पडू लागलं. मास्तरांचे डोळे काट्यावर होते आणि ओठ हलत होते. ते थांबवायला गेले असते तरी थांबले नसते. ट्यूनरबाई घड्याळाकडे बघत होती.

"बस," ती म्हणाली.

मास्तरांनी चावी बंद केली. "माझे बावन्न झाले," ते म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. मग भांड्याजवळ गेली, रेघ वाचली, मनातल्या मनात साठने गुणलं. टॅगकडे पाहिलं. पुन्हा भांड्याकडे पाहिलं.

"तीनशे अडतीस," ती म्हणाली.

"तुझी बेरीज बरोबर आहे. माझं मिनिट चुकलं. मला तीन दिवस झाले कळून."

"तीन दिवस?" तिचा आवाज एकदम चढला. "तीन दिवस तुम्हाला माहीत होतं? मास्तर, काल मी नोकरीचा अर्ज भरून आले! लोक मला बघून रस्ता ओलांडतात आणि तुम्ही इथे गप्प बसून होतात?"

"होतो," मास्तर म्हणाले.

ती रडली नाही. कागदांची चळत उचलून टेबलावर आपटली, दोनदा दारापर्यंत गेली, दोनदा परत आली. मास्तर मान खाली घालून उभे राहिले. आपल्याला यातलं एकही वाक्य जास्त नाही, असं त्यांना वाटत होतं. शेवटी ती थांबली आणि एकदम म्हणाली, "तुमचा तो बेकरीवाला गिऱ्हाईक! त्याची शर्यत या रविवारी आहे ना? त्याचा पंप कधी दिलात?"

"महिन्यापूर्वी."

"फोन लावा."

मास्तरांनी फोन लावला. पलीकडे ओव्हनचा आणि ट्रेंचा खणखणाट होता. "रविवारी गाडी काढू नकोस," मास्तर म्हणाले. बेकरीवाला मोठ्याने हसला.

"का हो? त्या लॅपटॉपवालीचं ऐकून घाबरलात? मी तिच्याकडे गेलोच नाही. आणि तुमचा पंप आहे, म्हणून तर निर्धास्त आहे मी."

मास्तरांनी डोळे मिटले. ट्यूनरबाई समोर उभी राहून ऐकत होती.

"तो आकडाच चुकलाय," ते म्हणाले. "टॅगवर चारशे बत्तीस आहेत. खरे जेमतेम पावणेचारशे आहेत. माझी मोजण्यात चूक झाली. डॉक्टरांचं इंजिन माझ्यामुळे गेलं, तिच्यामुळे नाही. गाडी आणून दे, पंप बदलून देतो."

"बरं," बेकरीवाला म्हणाला. आवाजातलं हसू गेलं होतं.

मग डॉक्टरांना फोन. मग वर्षभरातले बाकीचे, एकेक करून. एकेचाळीस जण होते. प्रत्येकाला तेच वाक्य. पहिल्या चार-पाचांना सांगताना शब्द अडखळले, नंतर सवय झाली. ट्यूनरबाई शेवटपर्यंत थांबली. तिने माफ केलं असं नाही; पण यादीतल्या नावांपुढे खुणा तीच करत होती, आणि जाताना कागदांची चळत कचऱ्याच्या डब्यात टाकून गेली.

पुढचे दिवस मास्तरांना नाक मुठीत धरून काढावे लागले. डॉक्टर दुकानात येऊन तासभर बोलले, आणि त्यांचं बोलणं साऱ्या गल्लीने ऐकलं. काही जणांनी पंप परत आणून टाकले आणि दुसरीकडे गेले. चहाच्या टपरीवर कुणी तरी 'एकोणसत्तर मास्तर' असं नाव काढलं, आणि ते नाव मिनिटमास्तरपेक्षा लवकर रुळलं. ट्यूनरबाईने नोकरी घेतली नाही. ती फोन करून विचारायची, "टॅग घड्याळावरचा ना?" दर वेळी विचारायची. मास्तर दर वेळी म्हणायचे, "घड्याळावरचा." त्यांना ते टोचायचं, पण तिचं चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. जुने टॅग त्यांनी कात्रीने कापून एका डब्यात टाकले होते. नवे टॅग ठोकताना आकड्याखाली स्टॉपवॉचची खूण करायचे.

घरीही आता घड्याळ आलं. सकाळी बायकोच्या मनगटावर दोन बोटं आणि नजर स्टॉपवॉचवर. आकडा यायचा बहात्तर, कधी एकाहत्तर. मास्तर कॅलेंडरवर लिहायचे आणि उठायचे. चार दिवस बाईंनी बघितलं. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता तुम्ही माझ्याकडे बघत नाही."

"घड्याळाकडे बघावं लागतं ना."

"पूर्वी एक मिनिट बघायचात. अख्ख्या दिवसातलं तेवढंच." मग स्वतःच हसून म्हणाल्या, "मिनिट कसलं, एकोणसत्तर सेकंद."

हे नाव टपरीवरून घरापर्यंत पोचलं होतं तर. मास्तरांना वाईट वाटेल असं बाईंना वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच हात पुढे केला आणि त्यांच्याकडून स्टॉपवॉच काढून घेतलं.

"घड्याळ मी बघते. तुम्ही ठोके मोजा."

त्यांनी बटण दाबलं आणि शाळेतल्या मुलीसारख्या काट्यावर डोळे लावून बसल्या. मास्तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. सवयीने ओठ हलायला लागले, सेकंद मोजायला. मास्तरांनी ते दाताखाली धरले. बोटांखाली ठोके येत होते, एकसारखे. मास्तरांनी तेवढेच मोजले.

"बस," बाई म्हणाल्या.